नावाचा रकाना

शनिवारी जेवणं उरकून मी नव्या कॉम्प्युटरसमोर बसले, तेव्हा आमचे हे मागच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते. इतका संसार केल्यावर माणूस झोपलाय की रुसलाय हे नुसत्या पाठीवरून कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वणीहून एक माणूस गाडी घेऊन येणार होता आणि आमचा रेडिओ, त्याचा पॉवर सप्लाय, गच्चीवरच्या टाकीपासून शेजारच्या कडुनिंबापर्यंत ताणलेली तार, सगळं उतरवून नेणार होता. सौदा यांनीच मुलाकडून ठरवून घेतला होता. मी तो मोडायला बसले होते.

रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. हौशी रेडिओ. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि आपल्या घरातून तसल्याच दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचं, तो मुकुटबनला असो की जपानात. प्रत्येकाला एक कॉलसाइन असते, आपल्याकडे ती बहुधा व्हीयूपासून सुरू होते. बोलणं झालं की कोणाशी, केव्हा, कोणत्या फ्रीक्वेन्सीवर हे नोंदवायचं. त्या नोंदीला लॉग म्हणतात. पूर्वी तो वहीत असे, आता कॉम्प्युटरवर असतो. कॉलसाइन टाईप केली की त्या माणसाशी आजवर झालेल्या सगळ्या गाठी समोर येतात आणि बाजूच्या रकान्यात त्याचं नाव. मला त्या सगळ्या पसाऱ्यातलं फक्त नाव हवं होतं.

कारण यांची नावं गेली होती.

उन्हाळ्यात लकवा मारला. नागपूरला बरेच महिने काढले. माणूस तसा चांगलाच सावरला. उजवा पाय किंचित ओढतात, उजव्या हाताची बोटं सावकाश चालतात, पण जेवतात हाताने, रागावतात तर अगदी पूर्वीसारखे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. बोलतातही सरळ. फक्त नाव घ्यायची वेळ आली की थांबतात. पळी म्हणता येत नाही, 'ते भाजी हालवाचं' म्हणतात. वस्तूंचं एक वेळ चालून जातं. पण सख्ख्या भावाचं, मुलाचं, रोज दूध घालणाऱ्याचं, कोणाचंच नाव ओठावर येत नाही. लिहून समोर धरलं तर वाचतात. कागद बाजूला केला की नाव गेलं. डॉक्टर म्हणाले होते, नाव आत शाबूत आहे, बाहेर यायची वाट मोडली आहे.

त्याच डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, ह्या कोण? यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, 'घरची.' मी हसून म्हटलं, डॉक्टरसाहेब, ह्या माणसाने लकव्याच्या आधीसुद्धा कधी माझं नाव घेतलं नाही, 'अवं' म्हटलं की मी समजायचं. सगळे हसले, नर्ससुद्धा. मला फार वाईट वाटलं होतं. घेत नसणं वेगळं आणि येत नसणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मात्र यांनी पहिल्यांदा रेडिओची चौकशी केली. त्या रेडिओला मी इतकी वर्षं सवत म्हणत आले, पण त्या दिवशी मीच प्लग लावून दिला. रोज सकाळी आठला आमच्या भागातल्या लोकांची नेट असते. मुकुटबनकडचे एक शेतकरी काका ती चालवतात. नेट म्हणजे हजेरीच. काका एकेक कॉलसाइन पुकारतात, ज्याची त्याने हजेरी द्यायची, चार शब्द बोलायचे, पुढच्याला वाट द्यायची. कोणी आला नाही तरी काका त्याची कॉलसाइन गाळत नाहीत. पुकारतात, थोडं थांबतात, मग पुढे जातात. आम्ही नागपूरला होतो तेवढे महिने यांची कॉलसाइन रोज पुकारली गेली आणि रोज तेवढी जागा मोकळी राहिली. हे मला काकांनीच फोनवर सांगितलं होतं.

त्या पहिल्या सकाळी यांनी हजेरी दिली. नुसता गलका झाला. त्यात पुसदचा एक मित्र आनंदाच्या भरात म्हणाला, 'ओळखा बरं, कोण बोलून राह्यलो?' त्याचा काही दोष नाही. आपण नाही का आजाऱ्याला असंच विचारत. यांनी उत्तर द्यायला माइकचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. बटण दाबलेलं असलं की आपण बोलतोय असं रेडिओ समजतो, दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. साऱ्या जिल्ह्याने आमच्या घरचं घड्याळ ऐकलं. माझ्या कुकरची शिट्टीही ऐकली. मग यांनी बटण सोडलं, सेट बंद केला आणि त्याच दिवशी मुलाला फोन करून म्हणाले, 'ते इकून टाक.'

'ते' म्हणजे काय हे मुलाला कळलं. त्यालाही बापाची ती दशा पाहवत नव्हती. त्याने आठवड्यात गिऱ्हाईक पाहिलं.

मी भांडले. यांच्यात आणि माझ्यात भांडण हा प्रकार कधी कमी नव्हता. मी म्हटलं, नावं काय तुम्हाला आधी तोंडपाठ होती? कॉम्प्युटरवर पाहूनच तर राम राम करत होतात. सगळेच पाहतात. जुना कॉम्प्युटर बंद घरात मेला म्हणून अडलं आहे, नवा आणला आहे, लॉग त्यावर चढवू. हे म्हणाले, नको. शेवटी मी सौदा केला: रविवारच्या नेटवर एका जरी माणसाला त्याच्या नावाने राम राम केला तर रेडिओ घरात राहील. नाही केला तर मी स्वतः गच्चीवर चढून तार सोडून देईन, एक शब्द बोलणार नाही.

'तू अन् शब्द बोलनार नाही,' हे म्हणाले. पण कबूल झाले.

म्हणून शनिवार. मुलाने पुण्याहून लॉगिंग सॉफ्टवेअरची लिंक पाठवली होती. मी मोबाईलचं इंटरनेट कॉम्प्युटरला जोडून ते उतरवून घेतलं आणि चालू केलं. लगेच निळी पाटी: हा प्रोग्राम अनोळखी आहे, चालवू नका. मी मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, हळू आवाजात म्हणाला, आई, खाली बारीक अक्षरात 'तरीही चालवा' आहे, ते दाब. ते दाबलं तर अँटीव्हायरसने फाईलच उचलून कुठेतरी कोंडून ठेवली. पुन्हा फोन. ती सोडवली. मग सॉफ्टवेअरने यांची कॉलसाइन विचारली, घर पृथ्वीच्या कोणत्या चौकोनात आहे ते विचारलं, रेडिओ कोणता ते विचारलं. एवढं तर लग्न जमवताना माझ्या बापालाही कोणी विचारलं नव्हतं. मग वेळ विचारली. मी मोठ्याने म्हटलं, आता वेळ कोणती टाकू, इथली की कुठली?

'साडेपाच मागं,' भिंत म्हणाली.

म्हणजे कान इकडे होते. जगभरचे रेडिओवाले नोंदी एकाच वेळेत ठेवतात, ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. मी ती भरली आणि मला जरा धीर आला. हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. अर्ध्याच्या वर गेली असेल नसेल आणि लाईन गेली.

दुपार सगळी गेली. मी दारात उभी राहून समोरच्या दुकानाच्या पंख्याकडे पाहत होते. तो फिरला म्हणजे लाईन आली. कापसाच्या गाड्या जात होत्या, धूळ उडत होती, पंखा काही फिरत नव्हता. हे एकदा उठले, पाणी प्यायले, बंद कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि परत जाऊन पडले. त्या पाहण्यात थोडं समाधान होतं. मला त्याचा असा राग आला की विचारू नका.

दिवेलागणीला लाईन आली, तर सॉफ्टवेअर अर्धवट. नव्याने टाकू गेलं की म्हणे आधीच आहे. उघडू गेलं तर उघडत नाही. काढू गेलं तर निघत नाही. घरजावई परवडला. मुलाने या वेळी फोनवरून एकेक पायरी सांगितली: अमुक फोल्डर उघड, ते पूर्ण पूस, मशीन बंद कर, चालू कर. काय पुसतेय हे मला कळत नव्हतं. पण झालं. दुसऱ्या खेपेला पट्टी शेवटपर्यंत गेली आणि एक मोठा रिकामा तक्ता समोर आला. वर यांची कॉलसाइन. खाली काही नाही.

आता जुना लॉग. त्याची एकच प्रत उरली होती, देवघरात. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती दारव्ह्यात, तेव्हापासूनची रीत. टाइपरायटर, मग कॉम्प्युटर, रेडिओ, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजा झाली की हे त्याच दिवशी लॉगची प्रत पेनड्राइव्हवर घेत, पेनड्राइव्हलाही हळदकुंकू लावत आणि देवाजवळ ठेवत. वर्षातून एकदा ठरलेला दिवस असला म्हणजे विसर पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी तो आणला, लावला. कॉम्प्युटरने ढुंकूनही पाहिलं नाही. काढला, दुसऱ्या जागी लावला. काही नाही. मग चष्मा लावून तोंडाशी पाहिलं तर आत पितळेच्या पट्ट्यांवर कुंकवाचा थर बसलेला. दर दसऱ्याला थोडं थोडं. देवाची भक्ती अशी नडते. मी यांच्या इंजेक्शनची स्पिरिटची बाटली काढली, जुना टूथब्रश घेतला आणि लहान मुलाचे दात घासावे तशी त्याला घासत बसले. ब्रश लाल झाला. फुंकर मारून वाळवलं, पुन्हा लावलं. टुणकन आवाज आला.

मागे काठी वाजली. हे उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

मी फाईल दाखवली, सॉफ्टवेअरने ती गिळली आणि एकेक ओळ तक्त्यात उतरू लागली. कॉलसाइन, तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी. रशिया, ब्राझील, पुसद, हिंगोली. यांची सगळी हयात खालून वर सरकत होती. मला इतका आनंद झाला की मी मागे वळून यांच्या पोटावर चापट मारली. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी नावाचा रकाना पाहिला.

त्यात नावं नव्हती. चौकोनी कंस, उलट्या तिरक्या रेघा, मध्येच आकडा, आणि इंग्रजीतली अक्षरं, ज्यांचा कुठलाही शब्द होत नाही. ओळीमागून ओळ तसंच.

काय झालं ते मला लगेच कळलं, कारण मी यांच्याच इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी. तिथेच तर आमचं जमलं. हे नाव नेहमी मराठीत टाईप करायचे. म्हणायचे, माणूस आपलं नाव जसं उच्चारतो तसं कानांनी धरून मराठीत लिहिलं तर दहा वर्षांनीही तसंच म्हणता येतं, इंग्रजीत लिहिलं की दुसऱ्या दिवशी आपणच चुकतो. जपान्याचं नावसुद्धा मराठीत. आणि ते जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये, टाइपरायटरच्याच कळा. तो फॉन्ट दिसायला मराठी, पण कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्यक्षात जातात ती त्या कळांवरची इंग्रजी अक्षरं. जुन्या प्रोग्राममध्ये त्या एका रकान्याला तो फॉन्ट लावलेला होता म्हणून नावं दिसत होती. आता फॉन्ट त्या मेलेल्या कॉम्प्युटरबरोबर गेला आणि नुसत्या कळा उरल्या.

मुलाने इंटरनेटवरून तसाच एक फॉन्ट शोधून पाठवला. तो लावला तर नावं निम्मीशिम्मी मराठी झाली आणि कॉलसाइन, तारखा, आकडे सगळेच मराठी होऊन बसले, कारण नव्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण तक्त्याला एकच फॉन्ट. एक धरावं तर दुसरं सुटत होतं. मी फॉन्ट परत काढून टाकला. मग कागद घेतला आणि नेटवरच्या लोकांची नावं स्वतःच उलगडायला बसले. के म्हणजे काना. एफ म्हणजे पहिली वेलांटी, ती टाइपरायटरला आधी मारायची, अक्षर मागून. पण टायपिंग सोडून मला जमाना झाला होता, निम्म्या कळा आठवत नव्हत्या. यांनी खांद्यावरून कागद पाहिला. नागपूरला बोलायचा सराव घेणाऱ्या एका बाईंनी घरच्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून दिल्या होत्या पाठ करायला. त्या यांनी खिडकीतून फेकल्या होत्या. तोच चेहरा झाला.

'राहू दे,' म्हणाले. 'गेलं ते गेलं. त्या गाडीवाल्याले येऊ दे उद्या.'

मी कॉम्प्युटर बंद केला. भांडायलाही माझ्यात काही उरलं नव्हतं.

सकाळी आठच्या आत हे आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून रेडिओसमोर येऊन बसले. मला आश्चर्य वाटलं. म्हटलं, कायले बसले आता?

'कबूल केलतं ना,' म्हणाले.

मी कॉम्प्युटर चालू केला आणि कीबोर्ड घेऊन शेजारी बसले. काय उपयोग, ते मलाही ठाऊक नव्हतं. माइकवर मी बोलू शकत नाही, परवाना यांचा. कानात नाव सांगू का विचारलं तर म्हणाले, मी काय पोपट हाय? म्हणजे माझ्या हातात फक्त कॉलसाइन टाईप करणं राहिलं. बुडत्याला काडीचा आधार.

नेट सुरू झाली. काकांचा आवाज खरखरत आला. त्यांनी पहिली कॉलसाइन पुकारली, हिंगोलीकडचे कोणीतरी होते. मी ती टाईप केली, ओळ वर आली, नावाच्या रकान्यात तीच रद्दी. हिंगोलीवाले सोयाबीनच्या भावावर बोलत होते. तेवढ्यात माझं यांच्या हाताकडे लक्ष गेलं आणि मी गारठलेच. डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि त्याची बोटं हलत होती. उजवीकडचीही, सावकाश. पुन्हा झटका आला. उन्हाळ्यात अशीच हाताला थरथर सुटून सुरुवात झाली होती. मी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने मोबाईल ओढला. अॅम्ब्युलन्सचा नंबर लावणार तेवढ्यात यांनी हात हिसडला.

'थांब नं. करून राह्यलो.'

डोळे स्क्रीनवर होते, नावाच्या रकान्यावर. बोटं परत कडेवर गेली. मग मला ती ओळखू आली. इन्स्टिट्यूटमध्ये मशिनी कमी आणि पोरं जास्त. ज्याची पाळी यायची असेल त्याने टेबलाच्या कडेवर बोटं चालवायची, असा यांचा नियम होता. यांनी स्वतः आयुष्यभर तेच शिकवलं. स्क्रीनवरच्या त्या रद्दीत यांना कळा दिसत होत्या. एक कळ, एक बोट. शेवटची कळ लाकडावर मारली गेली, ओठ हलले, आणि हे हळूच पण स्पष्ट म्हणाले. हिंगोलीवाल्यांचं नाव. पूर्ण, आडनावासकट.

पुढची कॉलसाइन आली, मी टाईप केली, बोटं चालली, नाव आलं. त्याच्या पुढचीला आलं नाही. बोटं मध्येच अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तोवर तो माणूस बोलून गेलासुद्धा. यांच्या कपाळावर घाम आला. हिवाळ्याची सकाळ होती.

आणि काकांनी यांची कॉलसाइन पुकारली. पुकारली आणि थांबले, रोजच्यासारखे.

यांनी माइक उचलला, उजव्या हाताने बटण दाबलं. मी काकांची कॉलसाइन टाईप करू लागले, तर घाईत आकडा चुकला आणि कुठल्यातरी बल्गेरियन माणसाची ओळ वर आली. मी ती खोडली, पुन्हा टाईप केली. बटण दाबलेलंच होतं. सारा जिल्हा आमच्या खोलीतली शांतता ऐकत होता, त्या दिवशीसारखीच. ओळ वर आली. एक हात माइकमध्ये अडकलेला, राहिला एकटा डावा. दोन हातांचं काम त्या एका हाताने कडेवर सुरू केलं. मी त्या बोटांकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, सोडू नका, बटण सोडू नका.

'राम राम,' हे म्हणाले. मग थोडं थांबून काकांचं नाव घेतलं, आणि पुढे भाऊ.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग काका म्हणाले, 'राम राम. लय दिवस जागा मोकळी ठेवली तुमची.' मी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला, कारण पुसदवाल्याची कॉलसाइन पुकारली गेली होती आणि मला ती टाईप करायची होती. त्यालाही यांनी नावाने हाक मारली. त्या दिवशी 'ओळखा बरं' म्हणणारा तो बडबड्या माणूस नुसतं 'हो हो' म्हणत राहिला.

दहा वाजून गेल्यावर दारात गाडी थांबली. वणीचा माणूस, खाणीत सुपरवायझर, मुलापेक्षा थोडा मोठा असेल. मी दारातच सांगायला सुरुवात केली की दादा, तुम्हाला एवढ्या लांबून यायला लावलं, पण. तो म्हणाला, काकू, गाडीत सेट आहे, मारेगाव ओलांडताना नेट ऐकली. तिथूनच परत फिरणार होतो. मग म्हटलं, चहा तरी पिऊन जाऊ.

मी त्याला आत बसवलं. यांनी त्याला कडुनिंबावरची तार खिडकीतून दाखवली, तिचा इतिहास सांगितला, आणि मी चहा घेऊन आले तसं सवयीने हात करून म्हणाले, 'अन् हे आमची...'

थांबले. तो माणूस चांगला होता, त्याने खाली फरशीकडे पाहिलं. स्क्रीनवर माझं नाव कुठेच नव्हतं. लॉगमध्ये माझी नोंद असायचं कारणच नाही. मी हातात ट्रे घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, म्हणा घरची, चालते मला, घरची म्हणा आणि पुढे जा.

यांनी टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. बोटं चालू लागली. इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचं नाव टाईप करायला शिकवत. माझं नाव मी याच बोटांकडे पाहून शिकले होते. त्यामुळे यांनी तोंड उघडायच्या आधीच मला ते वाचता आलं. मग हे बोलले. परक्या माणसासमोर, मोठ्याने, माझं नाव.

मी ट्रे खाली ठेवला.

'ऐकू नाही आलं,' म्हटलं. 'पुन्हा सांगा.'

यांनी पुन्हा सांगितलं.